उंच पर्वतवाटांवर सायकलींचा गट नेताना : वाचकांचे प्रश्न

वृक्षरेषेच्या (जिच्या वर उंचीमुळे झाडे वाढत नाहीत त्या रेषेच्या) वर, खिंडी आणि घळी ओलांडत जाणाऱ्या वाटांवर माउंटन बाइकचा गट नेण्याविषयी वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे. उदाहरणे मुख्यतः आल्प्समधील आहेत, कारण माझी बहुतेक वर्षे तिथल्या वाटांवर गेली.

प्रश्न : मी आठ वर्षे माउंटन बाइक चालवतो आणि अवघड उतारही न घाबरता उतरतो. आता मित्रमंडळींचा आग्रह आहे की आल्प्सच्या वाटांवर तूच आम्हांला घेऊन चल. उत्तम सायकल चालवता येणे मार्गदर्शकाला पुरेसे असते का?

उत्तर : पुरेसे नसते, आणि हे मी आपल्याला नाउमेद करण्यासाठी सांगत नाही. आपले कौशल्य कामी येईलच; पण गट नेताना लक्ष माणसांकडे द्यावे लागते, आणि ते देता यावे यासाठी वाट आपल्याला इतकी अंगवळणी पडलेली असावी लागते की तिचा वेगळा विचार करावाच लागू नये. जर्मन भाषक देशांत वाटांची एस-० ते एस-५ अशी श्रेणी रूढ आहे. एस-० म्हणजे अडथळा नसलेली सरळ वाट. एस-२ मध्ये मोठी मुळे, सुटे दगड आणि पायऱ्या येतात. एस-३ पासून इतकी आवळलेली वळणे लागतात की मागचे चाक उचलून फिरवण्याची वेळ येते. दिवसभर थकल्यावरही एस-३ ची वाट मला सहज उतरता येत असेल, तरच मी गटाला एस-२ वर नेतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ही श्रेणी वाट किती अवघड आहे एवढेच सांगते, तिच्या कडेला दरी किती खोल आहे हे सांगत नाही. एस-१ ची साधी पाऊलवाट उभ्या कड्याच्या कडेने जात असेल, तर नवख्या माणसासाठी ती एस-३ पेक्षाही वाईट ठरते, कारण तिथे चूक होण्याची शक्यता कमी असली तरी झालेली चूक दुरुस्त करायला जागाच नसते.

नकाशावर सायकलची म्हणून दाखवलेली वाट सगळीच सायकलवर बसून जाण्याची नसते, हेही मित्रांना आधी सांगून ठेवावे. जर्मनीतील ओबरस्टडॉर्फपासून इटलीत गार्डा सरोवराकाठच्या रिव्हापर्यंत जाणारा हेकमायर मार्ग हा आल्प्स ओलांडण्याचा सायकलस्वारांचा नावाजलेला मार्ग आहे; पण त्यावरच्या श्रोफेन खिंडीत कड्याच्या अंगाने जाणारी वाट इतकी अरुंद होते की तिथे सायकल ढकलत किंवा उचलूनच न्यावी लागते. खांद्यावर सायकल घेऊन तासाला ३०० मीटर उंची गाठणारा गट मी चांगला मानतो. हा हिशेब आदल्या रात्री कागदावर मांडावा, त्यात जेवणाचा, दुरुस्तीचा आणि नुसते बसून राहण्याचा वेळ धरावा, आणि ज्या वेळेला जिथे असू तिथून मागे फिरायचे ती वेळ सगळ्यांसमोर ठरवावी. ही वेळ सकाळी ठरवली तर कोणाला वाईट वाटत नाही. दुपारी दोन वाजता, खिंड समोर दिसत असताना ठरवायला गेलो तर गटातल्या प्रत्येकाचे मत वेगळे असते आणि मार्गदर्शकालाही खिंडीचा मोह आवरत नाही.

आता माणसांकडे पाहणे म्हणजे नेमके काय, ते सांगतो. पहिल्या उतारावर दहा मिनिटांनी मी एखाद्या वळणाखाली थांबतो आणि एकेकाला येताना पाहतो. एखाद्याची नजर पुढच्या चाकाजवळच्या दगडावर खिळलेली असते, आणि तो दगड चुकवताच पुढच्या दगडावर जाऊन आदळते; त्याची कोपरे ताठ असतात; ब्रेकवर दोनऐवजी चार बोटे असतात आणि त्यांची पेरे पांढरी पडलेली असतात. हा माणूस विचारल्यावर हमखास ‘मस्त चाललंय’ म्हणतो. त्याच्या बोलण्यावर न जाता बोटांवर विश्वास ठेवावा, त्याला माझ्या चाकामागे घ्यावे, आणि पुढचा थांबा ठरला होता त्याच्या निम्म्या अंतरावर घ्यावा. दुसरी खूण आवाजाची आहे. सकाळी बडबड करणारा माणूस अकरा वाजता गप्प झाला, पाणी प्यायचे विसरला आणि विचारलेल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊ लागला, तर तो थकला आहे, थंडीने गारठला आहे किंवा त्याला उंची बाधते आहे. तिन्हींवर पहिला उपाय एकच : थांबणे, अंगावर जाकीट चढवणे आणि काहीतरी खायला देणे.

गटात सहापेक्षा जास्त माणसे असतील तर शेवटी चालणारा दुसरा जाणता माणूस हवाच. प्रत्येक फाट्यावर पूर्ण गट येईपर्यंत थांबावे आणि डोकी मोजावीत. माणसे हरवतात ती फाट्यावरच.

प्रश्न : रोपवेने थेट ३००० मीटरवर जाऊन तिथून उतरायला सुरुवात केली, तर उंचीचा त्रास होतो का? गटातल्या एखाद्याचे डोके दुखू लागले तर काय करावे?

उत्तर : ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो. उंचीचा विकार सहसा २५०० मीटरच्या वर सुरू होतो आणि त्याची लक्षणे दिसायला बहुधा ६ ते १२ तास लागतात. म्हणून सकाळी वर जाऊन दुपारी खाली उतरणाऱ्यांना त्याची बाधा क्वचित होते. त्यांना जाणवते ते दम लागणे. खालच्या दरीत ज्या चढावर सहज गप्पा मारत गेलो असतो, त्याच चढावर इथे पायांत गोळे येतात, आणि अशा दमलेल्या अवस्थेतच उताराचा अवघड भाग सुरू होतो. म्हणून चढ संपल्यावर लगेच उतरायला लागू नये. वीस मिनिटे बसावे.

मुक्काम उंचावरच्या आसरा-झोपडीत असेल तर गोष्ट वेगळी. डोकेदुखी, आणि तिच्या जोडीला मळमळ, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळा थकवा, असे दिसले तर तो उंचीचा विकार समजून वागावे : त्या दिवशी आणखी वर जाऊ नये, आणि लक्षणे वाढली तर खाली उतरावे. ३००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असे डॉक्टर सांगतात. माणूस बसल्या जागी धापा टाकत असेल, बरळत असेल, किंवा सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालताना झोकांड्या खात असेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. मेंदूला किंवा फुफ्फुसांना सूज येत असल्याची ती चिन्हे असतात. त्याला तातडीने खाली न्यावे आणि मदत बोलवावी. अशा माणसाला सायकलवर बसवू नये, कारण तोल सांभाळण्याची त्याची शक्तीच गेलेली असते.

प्रश्न : लांब उतारावर माझ्या सायकलचे ब्रेक तापून ढिले पडतात आणि हात इतके दुखतात की खाली पोचेपर्यंत बोटे वळत नाहीत. दोष ब्रेकचा की माझा?

उत्तर : बहुधा दोन्हींचा थोडाथोडा, आणि दोन्हींवर उपाय आहे. आधी उष्णतेचा हिशेब पाहू. स्वार, सायकल आणि पाठपिशवी मिळून ९० किलो वजन १००० मीटर खाली आले, तर जवळपास ८८० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. एवढ्या ऊर्जेत अडीच लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येते. त्यातली काही हवेच्या आणि टायरच्या घर्षणात जाते. उरलेली सगळी ब्रेकच्या दोन पातळ चकत्यांतून बाहेर पडते. आपण हळू जाण्यासाठी ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवला, तर चकतीला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. त्यापेक्षा वळणाच्या आधी, सरळ वाटेवर, दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग खाली आणावा आणि मग बोटे सोडावीत. सुरुवातीला यात वेग जास्त वाटतो, पण ताबा वाढतो, कारण ब्रेक सोडलेले चाक दगडावरून वळसा न घेता लोळत जाते आणि ब्रेक लागलेले चाक त्याच दगडाला अडते.

ब्रेक कमी पडू लागल्याच्या खुणा गटातल्या प्रत्येकाला माहीत असाव्यात. जळका वास येणे, चकती निळसर पडणे, आणि लिव्हर नेहमीपेक्षा हँडलच्या जवळ येणे. यांतली शेवटची खूण दिसताच थांबायचे. चकतीला बोट लावून पाहू नये. तिने बोट भाजते. काही ब्रेकमध्ये डॉट जातीचे तेल असते, ते हवेतला ओलावा शोषून घेते, आणि जुन्या तेलातले पाणी उष्णतेने उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होऊन लिव्हर एकदम पोकळ लागते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला तेल बदलून घ्यावे. लांब उतारांवर धातुमिश्रित पॅड आणि २०० मिलिमीटरच्या आसपासची मोठी चकती लावावी. पॅडचा एक जादा जोड पिशवीत ठेवावा. तो हलका असतो, आणि ओल्या चिखलात नवे पॅडही एका दिवसात झिजलेले मी पाहिले आहेत.

हातांचे म्हणाल, तर लिव्हर आपल्या बोटांच्या जवळ आणून बसवाव्यात, म्हणजे एका बोटाने दाबता येतील. आणि उभे राहून वजन पायांवर घ्यावे. हँडलला लोंबकळणारा माणूस ब्रेक आणि स्वतःचे वजन दोन्ही हातांनीच पेलत असतो. गटासाठी मी दर १५० ते २०० मीटर उंची उतरल्यावर थांबतो आणि सगळ्यांना हात झटकायला लावतो, दुखत असो वा नसो.

प्रश्न : टायरमध्ये हवा खालीच भरून घ्यावी की वर पोचल्यावर?

उत्तर : वर पोचल्यावर एकदा तपासावी. १००० मीटरवरून ३००० मीटरवर गेल्यावर बाहेरचा दाब सुमारे ०.२ बारने कमी होतो आणि तेवढाच टायर जास्त कडक भासतो. थंडीमुळे त्यातला साधारण निम्मा फरक भरून निघतो. उरलेला फरक छोटा आहे, पण ओल्या दगडांवर पकड कमी झाल्याचे तो जाणवून देतो.

प्रश्न : जुलै महिन्यातही वाटेवर बर्फाचे पट्टे लागतात असे ऐकले. सायकल घेऊन ते ओलांडता येतात का?

उत्तर : कधी येतात, कधी येत नाहीत, आणि हा फरक मी चूक करून शिकलो. एका खिंडीच्या उत्तर उतारावरच्या घळीत वीसेक पावलांचा बर्फाचा पट्टा होता. दोनच दिवसांपूर्वी दुपारी मी तो सहज ओलांडला होता. पाय घोट्यापर्यंत रुतत होता आणि आधार पक्का होता. म्हणून गट घेऊन आलो तेव्हा मी फार विचार केला नाही. पण ती सकाळची साडेआठची वेळ होती, रात्री आभाळ निरभ्र असल्याने बर्फ गोठून काचेसारखा टणक झाला होता, आणि माझ्या बुटांच्या टोकाने त्यात जेमतेम बोटभर खाच पडत होती. तरीही मी खाचा पाडत पलीकडे गेलो, दुसरा आला, आणि तिसऱ्याचा पाय निसटला. सायकल त्याच्या हातातून सुटली आणि चाळीस-पन्नास मीटर खाली जाऊन खडकांत थांबली. तो स्वतः पट्ट्याच्या कडेच्या दगडाला धरून वाचला. त्याच्या तळव्यांची कातडी सोलली होती, दुसरे काही झाले नाही. मी त्या दोघांना परत आणले, सगळ्यांना घेऊन मागे फिरलो आणि संध्याकाळपर्यंत माझे पाय थरथरत होते. चूक बर्फाची नव्हती, ज्याचा पाय निसटला त्याचीही नव्हती. गटाला त्या पट्ट्यावर पाऊल ठेवायला लावले ते मी.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. पट्ट्याच्या खाली काय आहे ते आधी पाहतो. खाली बर्फ हळूहळू सपाट होऊन गवतात संपत असेल तर घसरलेला माणूस आपोआप थांबतो; खाली खडक किंवा कडा असेल तर कडक बर्फावर पाऊलच ठेवत नाही. बूट जोरात मारल्यावर अर्धा पाय आत गेला नाही, तर ऊन येईपर्यंत थांबतो, वरून किंवा खालून जमिनीवरून वळसा घेतो किंवा परत फिरतो. ओलांडायचेच असेल तर सायकली आधी एकेक करून दोघांनी मिळून न्याव्यात आणि माणसांनी हात मोकळे ठेवून जावे. पट्ट्याच्या खालून ओढा वाहत असल्याचा आवाज येत असेल तर मधला भाग पोकळ असतो, तिथे जाऊ नये.

प्रश्न : वर असताना वादळ आले आणि मोबाइलला रेंज नसेल, तर काय करायचे?

उत्तर : उन्हाळ्यात उंच पर्वतांत ढग दुपारी जमतात, त्यामुळे लवकर निघून बारा-एकच्या आत खिंडीवरून खाली येणे हा मूळ उपाय आहे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तिनाने भागले की किलोमीटरमध्ये अंतर मिळते. तीस सेकंद किंवा कमी आले तर डोंगराच्या धारेवर, एकट्या झाडाखाली, लोखंडी दोर लावलेल्या वाटेवर थांबू नये. सायकली एका बाजूला ठेवाव्यात, माणसांनी एकमेकांपासून अंतर राखून, पावले जुळवून उकिडवे बसावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा. त्या अर्ध्या तासात खरी भीती गारठ्याची असते. ५ अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर अंगाला ० अंशासारखी थंडी वाजते, आणि घामाने भिजलेल्या अंगाला त्याहूनही जास्त. म्हणून जाकीट, टोपी आणि कोरडे हातमोजे पिशवीत सगळ्यांत वर असावेत.

मदतीसाठी युरोपात ११२ हा क्रमांक आहे. स्वित्झर्लंडमध्ये रेगा या हवाई बचाव संस्थेचा १४१४ हा क्रमांकही आहे. आपल्या कंपनीचे जाळे नसले तरी ११२ चा फोन उपलब्ध असलेल्या दुसऱ्या जाळ्यावरून जाऊ शकतो, म्हणून प्रयत्न करावाच. तोही लागला नाही तर आल्प्समधली ठरलेली खूण वापरावी : एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा दिवा, मग एक मिनिट थांबणे, मग पुन्हा तेच. मिनिटाला तीन वेळा उत्तर आले की आपली हाक पोचली. हेलिकॉप्टर दिसल्यावर दोन्ही हात वर केले तर ‘मदत हवी’, आणि एक वर एक खाली ठेवला तर ‘नको’. आनंदाने एकच हात हलवू नये.

प्रश्न : गटात दोघांकडे ई-बाइक आहेत. त्यांना बरोबर घ्यावे का?

उत्तर : घ्यावे, पण उताराची वाट त्यांच्या कौशल्यावरून ठरवावी. साध्या सायकलवर जो माणूस १२०० मीटर चढून येतो त्याने बहुधा उतरण्याचाही सराव केलेला असतो. मोटरमुळे वर आलेल्याने तो केलेला असेलच असे नाही. शिवाय २३-२४ किलोची सायकल उचलून पायऱ्या चढणे एकट्याला जमत नाही, म्हणून जिथे सायकल उचलून न्यावी लागते ती वाट अशा गटासाठी मी निवडत नाही.

प्रश्न : अरुंद वाटेवर चालणारी माणसे, गायी किंवा कळपाची कुत्री भेटली तर कोणी थांबायचे?

उत्तर : आपण. पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला नेहमी आधी जाऊ द्यावे, आणि दोन सायकली समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्याने चढणाऱ्यासाठी थांबावे. थांबताना वाट सोडून गवतावर चाक घालू नये. वृक्षरेषेच्या वर गादीसारखी वाढणारी रोपे इतकी सावकाश वाढतात की चाकाने उखडलेला तुकडा भरून यायला वर्षानुवर्षे जातात. त्याच कारणासाठी मागचे चाक घसरवत वळणे मी गटाला पहिल्याच दिवशी मना करतो. वासरे सोबत असलेल्या गायींपासून लांबून जावे.

मेंढ्यांची राखण करणारी मोठी पांढरी कुत्री भुंकत अंगावर आली की नवखे लोक जोरात पॅडल मारतात, आणि नेमके तेच करायचे नसते, कारण पळणाऱ्याच्या मागे लागणे हे त्या कुत्र्याचे काम आहे. सायकलवरून उतरावे, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावी, शांत आवाजात बोलावे आणि कळपाला वळसा घालत सावकाश चालावे. कळप मागे पडला की कुत्रा स्वतःहून परततो.

प्रश्न : एखाद्याला ‘हा टप्पा तू सायकलवरून उतरू नकोस’ असे सांगितले तर तो दुखावतो, विशेषतः वयाने मोठा किंवा जुना मित्र असेल तर. हे कसे सांगावे?

उत्तर : हा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे आणि याबाबत मी अनेकदा चुकलो आहे. एकदा मी एका ज्येष्ठ गृहस्थांना सगळ्यांसमोर थांबवले. त्यांनी ऐकले नाही, आणि त्यांना ऐकायला अवघड जाईल अशा रीतीने मीच ते सांगितले होते. आता मी दोन गोष्टी करतो. निघण्याआधी सांगतो की आजच्या वाटेवर अमुक तीन ठिकाणी आपण सगळे चालणार आहोत, ज्यांना चालवता येते तेही. म्हणजे त्या जागी कोणाला वेगळे काढावे लागत नाही. आणि न ठरवलेल्या जागी कोणाला थांबवायचे झाले, तर त्याच्याजवळ जाऊन हळू आवाजात, त्याच्या बोटांविषयी किंवा नजरेविषयी मला जे दिसले तेवढेच सांगतो. ‘तुम्हांला जमणार नाही’ हे वाक्य मी वापरत नाही. तरीही ते तयार झाले नाहीत, तर मी तिथे वाद घालत नाही आणि गट पुढेही नेत नाही. स्वतः सायकलवरून उतरतो, तिला दरीच्या बाजूला धरून मी डोंगराच्या अंगाला होतो, आणि चालू लागतो. बहुतेक वेळा चार पावलांनंतर मागून त्यांच्या बुटांचा आवाज येतो. सायकल दरीच्या बाजूला का, हे त्यांना चालता चालता सांगता येते : ती निसटली तर सोडून द्यायची.